सर्व्हर रूममधल्या डब्याचं सर्टिफिकेट

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयातल्या सर्व्हर रूममध्ये आयपी केव्हीएमचा डबा बसवलाय. घरून व्हीपीएन लावून त्याचा पत्ता टाकला की सर्व्हरचा स्क्रीन, कीबोर्ड, माउस सगळं लॅपटॉपवर येतं आणि रात्री-अपरात्रीचा हेलपाटा वाचतो. पण त्याआधी दरवेळी ब्राउझर लाल खुणेसह सांगतो की कनेक्शन खासगी नाही. बसवायला आलेल्या मुलानं तेव्हाच सांगितलं होतं, ‘अ‍ॅडव्हान्स्ड दाबायचं, खाली प्रोसीड येतं ते दाबायचं, काही होत नाही.’ तेच करत आलो. यंदा सिस्टिम ऑडिटमध्ये शेरा आलाय, ‘वैध सर्टिफिकेट नाही.’ ते विकत आणायचं का, कुठून, आणि डब्यात घालायचं कसं? खरं सांगायचं तर ते नसल्यानं आमचं काय बिघडलंय हेही कळत नाही.
(एक वाचक, जि. सांगली)

उत्तर : शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो. ते कळलं नाही तर बाकीचं सगळं ऑडिटरच्या समाधानासाठी केल्यासारखं होईल.

ते लाल पान पाहून बहुतेकांना वाटतं की आपला पासवर्ड तारेतून उघडा चाललाय. तसं नसतं. प्रोसीड दाबल्यावरही लॅपटॉप आणि डब्यातलं बोलणं एन्क्रिप्ट होऊनच जातं. ब्राउझरची तक्रार वेगळी आहे. तो म्हणतो, बोलणं गुप्त आहे खरं, पण पलीकडे कोण बसलंय ते मला सांगता येत नाही. कारखान्यातून निघालेला डबा स्वतःच सर्टिफिकेट तयार करतो आणि स्वतःच त्यावर सही करतो. रहिवासी दाखल्यावर अर्जदारानं स्वतःचीच सही ठोकून तो तहसीलमध्ये द्यावा, असला हा प्रकार. ब्राउझरकडे ओळखीच्या सह्यांची एक यादी असते. शंभराच्या वर रूट सर्टिफिकेटं त्यात आधीपासून भरलेली असतात. तुमच्या डब्याची सही त्या यादीत नाही, एवढंच तो सांगतोय.

मग बिघडतं कुठे? समजा, ऑफिसच्या नेटवर्कवरच्या एखाद्या पीसीत कुणी घुसलं. त्याला तुमच्या आणि डब्याच्या मध्ये उभं राहणं फार अवघड नसतं. एकाच नेटवर्कवरच्या मशीनला ‘डबा म्हणजे मीच’ असं पटवून देणारी तयार हत्यारं आहेत. तो तुम्हाला स्वतःचं बनावट सर्टिफिकेट दाखवेल. ब्राउझर लाल पान दाखवेल. तुम्ही नेहमीसारखं अ‍ॅडव्हान्स्ड, प्रोसीड कराल आणि पासवर्ड त्याच्या हातात द्याल. खऱ्या डब्याचं लाल पान आणि चोराचं लाल पान दिसायला तंतोतंत सारखं. रोज दिसणारी धोक्याची सूचना ही मुळात सूचनाच उरत नाही, हा माझा या ‘काही होत नाही’वरचा खरा आक्षेप आहे.

त्यातून हा डबा साधा नाही. ई-मेलचा पासवर्ड गेला तर ई-मेल जातो. केव्हीएमचा पासवर्ड गेला तर समोरचा माणूस जणू सर्व्हर रूममध्ये खुर्ची टाकून बसतो. तो मशीन रिसेट करू शकतो, बायोसमध्ये शिरू शकतो, व्हर्च्युअल मीडियाची सोय असेल तर आपली डिस्क जोडून तीवरून सर्व्हर चालू करू शकतो. विंडोजचं लॉगिन, अँटिव्हायरस हे सगळं त्याच्या वरच्या मजल्यावर राहतं. डेलचा आयड्रॅक किंवा एचपीईचा आयएलओ ही सर्व्हरच्या पोटातच बसवलेली अशीच सोय आहे, त्यामुळे पुढचं सगळं त्यांनाही लागू.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. सर्टिफिकेटच्या मागे एक प्रायव्हेट की असते आणि ती फक्त त्या एका डब्यातच असायला हवी. स्वस्तात माल काढणाऱ्यांनी अनेकदा फर्मवेअरमध्ये एकच की घालून हजारो नग विकले आहेत. २०१० मध्ये ‘लिटल ब्लॅक बॉक्स’ नावाच्या प्रकल्पानं राउटरांच्या फर्मवेअरमधून अशा हजारो की काढून दाखवल्या. २०१५ मध्ये ऑस्ट्रियाच्या ‘एसईसी कन्सल्ट’नं चार हजारांहून अधिक उपकरणांची फर्मवेअर तपासली, तर सगळ्यांत मिळून वेगवेगळ्या की निघाल्या सुमारे ५८०. म्हणजे तुमच्या डब्याची की त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डब्यातून काढता येण्याची शक्यता असते, आणि मग ‘एन्क्रिप्ट होतं’ हा दिलासाही जातो. म्हणून नवं सर्टिफिकेट घालताना नवी की तयार करणं हा त्यातला निम्मा फायदा आहे.

आता विकत आणायचं का? तुम्ही डब्याचा पत्ता १९२.१६८ नं सुरू होणाऱ्या आकड्यांनी टाकत असाल, तर त्या नावानं सर्टिफिकेट जगात कुणीही अधिकृतपणे विकत नाही. तो पत्ता तुमच्या ऑफिसात आहे तसाच शेजारच्या दवाखान्यातही आहे. तो तुमचाच, अशी ग्वाही कोण देणार? ‘लोकल’नं संपणाऱ्या घरगुती नावांचंही तेच, २०१५ च्या नोव्हेंबरपासून अशा नावांना नवं सर्टिफिकेट देणं बंद झालं. कुणी दुकानदार देतो म्हणाला तर दुसरं दुकान बघा.

संस्थेचं स्वतःचं डोमेन असेल तर त्याखाली डब्याला नाव देऊन सर्टिफिकेट मिळतं, ‘लेट्स एन्क्रिप्ट’कडून तर फुकट. डबा इंटरनेटवर उघडा ठेवायचीही गरज नाही, डोमेनच्या डीएनएसमध्ये एक नोंद करून मालकी सिद्ध करता येते. पण त्यात दोन काटे आहेत. एक मुदतीचा. लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं. विकतचं पूर्वी ३९८ दिवसांपर्यंत मिळायचं, पण सीए/ब्राउझर फोरमनं एप्रिल २०२५ मध्ये ठरवलंय की १५ मार्च २०२६ पासून कमाल मुदत २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १०० आणि २०२९ च्या मार्चपासून अवघी ४७. आपोआप नूतनीकरण करणाऱ्या वेबसाइटना याचं काही वाटत नाही. ज्या डब्यात दरवेळी हातानं फाइल चढवावी लागते त्याच्या मालकानं मात्र दर दीड महिन्यानं हाच उद्योग करायचा. दुसरा काटा जाहिरातीचा : असं प्रत्येक सर्टिफिकेट सार्वजनिक नोंदवहीत जातं, २०१८ पासून क्रोमची तशी अटच आहे. तुमच्या डोमेनखाली ‘केव्हीएम’ नावाचं काहीतरी आहे, हे मग कुणालाही घरबसल्या वाचता येतं.

टेंडर भरायला किंवा रिटर्न फाइल करायला जो यूएसबी टोकन लागतो, तो विकणारेही ‘सर्टिफिकेट’च विकतात. तो डिजिटल सहीचा मामला, माहिती तंत्रज्ञान कायदा २००० खालचा आणि माणसाच्या नावाचा. तो टोकन घेऊन डब्यासमोर गेलात तर उपयोग शून्य.

तुमच्यासारख्या संस्थेला माझा सल्ला असा की स्वतःचंच छोटं सर्टिफिकेट कार्यालय काढा. ऐकायला मोठं वाटतं, काम एका दुपारचं आहे. एक रूट सर्टिफिकेट तयार करायचं, त्याच्या कीनं डब्याच्या सर्टिफिकेटवर सही करायची आणि ते रूट ज्या चार-पाच मशीनवरून डबा उघडला जातो तेवढ्यांनाच ओळखीचं करून द्यायचं. एक्ससीए नावाचं मोफत सॉफ्टवेअर यासाठी चांगलं. खिडक्या-बटणं आहेत, कमांड पाठ करायला नकोत. विंडोज सर्व्हरवर डोमेन चालवत असाल तर त्यातही ही सोय असते. रूटची मुदत दहा वर्षं ठेवा.

फक्त त्या रूटच्या कीचं मोल ओळखा. ज्या मशीननं तुमचं रूट मान्य केलं, त्या मशीनसमोर ती की कोणत्याही साइटच्या नावाची ग्वाही देऊ शकते. मोठ्यांकडून अशा गोष्टी हातच्या गेलेल्या आहेत. डिजिनोटार या डच कंपनीच्या यंत्रणेत २०११ मध्ये कुणी घुसलं, गूगलच्या नावाचं खोटं सर्टिफिकेट काढलं आणि ते इराणमधल्या लोकांवर वापरलं गेलं. हे उघडकीला आल्यावर महिन्याभरात कंपनीचं दिवाळं निघालं. आपल्याकडे जुलै २०१४ मध्ये एनआयसीच्या सर्टिफिकेट देणाऱ्या यंत्रणेतून गूगलच्या डोमेनची अनधिकृत सर्टिफिकेटं निघाल्याचं उघडकीला आलं, तेव्हा क्रोमनं भारत सरकारच्या रूटची मान्यता मोजक्या भारतीय डोमेनपुरती आखडून टाकली. तुम्ही पतसंस्था आहात, तिजोरी आहेच. रूटची की पासवर्ड घालून दोन पेनड्राइव्हवर घ्या, ते तिजोरीत ठेवा आणि लॅपटॉपवरून ती फाइल काढून टाका.

आता डब्याकडे. हे काम घरून व्हीपीएनवर करू नका. मधेच काही बिनसलं आणि डब्याचं वेब पान उघडेनासं झालं तर रिसेटचं बटण हाताशी हवं. सर्व्हर रूममध्ये बसा, लॅपटॉप नेटवर्क केबलनं थेट डब्याला जोडा म्हणजे मध्ये कुणी असण्याचा प्रश्नच राहत नाही. आधी फर्मवेअर अपडेट करून घ्या, डब्याचा आयपी पक्का करा आणि घड्याळ तपासा.

मग सेटिंगमध्ये सर्टिफिकेट किंवा एसएसएल असं पान असतं, तिथे सीएसआर तयार करायचा, म्हणजे सहीसाठीचा अर्ज. हे बटण दाबलं की डबा आतल्या आत नवी की बनवतो, ती स्वतःकडे ठेवतो आणि अर्ज तेवढा बाहेर देतो. अर्ज व्हॉट्सअ‍ॅपवरून गेला तरी बिघडत नाही. की कधी डब्याबाहेर येताच कामा नये. फॉर्ममध्ये देशाच्या रकान्यात ‘आयएन’ ही दोनच अक्षरं टाका. ‘इंडिया’ लिहिलं की बरेच डबे अर्ज परत करतात आणि कारण सांगत नाहीत. कीचा आकार आरएसए २०४८ पुरे.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते नावाच्या रकान्यात. पूर्वी ‘कॉमन नेम’मध्ये डब्याचं नाव लिहिलं की भागायचं. क्रोमनं २०१७ मध्ये, ५८ व्या आवृत्तीपासून, त्या रकान्याकडे बघणंच सोडलं. आता नाव ‘सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेम’मध्ये, म्हणजे ‘सॅन’मध्ये असावं लागतं. तुम्ही डबा नावानं उघडत असाल तर तिथे नाव, आकड्यांनी उघडत असाल तर आयपी, आणि दोन्ही चालत असेल तर दोन्ही लिहा. आयपी लिहिताना प्रकार ‘आयपी’च निवडा. तोच आकडा ‘डीएनएस’ प्रकारात घातला तर सर्टिफिकेट दिसायला बरोबर असतं आणि ब्राउझर तरीही नाव जुळत नाही म्हणतो. जुन्या डब्यांच्या फॉर्ममध्ये सॅनचा रकानाच नसतो; हरकत नाही, सही करताना तो एक्ससीएमध्ये जोडता येतो. ओपनएसएसएलच्या कमांडनं सही करणाऱ्यांसाठी उलटा इशारा : अर्जात सॅन असलं तरी साध्या कमांडनं ते सहीच्या वेळी गळून पडतं, ते घ्यायला मुद्दाम सांगावं लागतं.

बटण एकदाच दाबा आणि थांबा. डब्यातला प्रोसेसर गरीब असतो. एचपीईचा आयएलओ तर स्वतःच सांगतो की दहा मिनिटं किंवा जास्त लागतील. काही होत नाही असं वाटून लोक पुन्हा दाबतात, डबा पुन्हा नवी की बनवतो आणि आधीच्या अर्जावर सही होऊन आलेलं सर्टिफिकेट बेवारस होतं. ‘की जुळत नाही’ असा निरोप आला तर बहुधा हेच झालेलं असतं.

अर्ज एक्ससीएमध्ये आणा आणि रूटनं सही करा. मुदत दोन वर्षं द्या. खासगी रूट आहे म्हणून दहा वर्षं देण्याचा मोह होतो, पण अ‍ॅपलची उपकरणं २०१९ पासून ८२५ दिवसांपेक्षा जास्त मुदतीचं सर्व्हर सर्टिफिकेट मानत नाहीत, खासगी असलं तरी. चेअरमनसाहेबांच्या आयपॅडवर उघडत नाही ही तक्रार कुणाला हवी? तयार फाइल पेम प्रकारात काढा. ती नोटपॅडमध्ये उघडली तर पहिल्या ओळीत पाच आडव्या रेघा, ‘बिगिन सर्टिफिकेट’ हे शब्द, पुन्हा पाच रेघा आणि खाली अक्षरांचा गोंधळ दिसतो. काही डबे हा मजकूर चौकटीत पेस्ट करायला सांगतात. माउसनं निवडताना पहिली एखादी रेघ सुटते आणि डबा ‘इनव्हॅलिड’ म्हणतो, म्हणून सगळं एकदम सिलेक्ट करून घ्या. वर्डमध्ये तर ही फाइल उघडूच नका.

चढवलं की डबा स्वतः रीस्टार्ट मागेल. बिनधास्त द्या, डबा बंद-चालू होतो, त्याला जोडलेले सर्व्हर चालूच राहतात. कित्येक डब्यांत सर्टिफिकेटच्या दोन जागा असतात : एक डब्याच्या स्वतःच्या सर्टिफिकेटची, दुसरी लॉगिन करणाऱ्यांच्या पडताळणीसाठी लागणाऱ्या रूटची. तुमचं काम पहिल्या जागेत.

मग तुमच्या लॅपटॉपवर रूटची फाइल उघडून ‘ट्रस्टेड रूट’च्या कप्प्यात घाला. विंडोज आपणहून कप्पा निवडायला तयार असतं, पण त्याच्या भरवशावर राहिलात तर रूट भलत्याच कप्प्यात जातं. क्रोम आणि एज तो कप्पा वाचतात. फायरफॉक्स स्वतःची यादी ठेवतो, नव्या आवृत्त्या विंडोजमध्ये घातलेलं रूटही बघतात. ब्राउझर पूर्ण बंद करून डबा उघडा. लाल पान गेलं एवढ्यावर उठू नका. पत्त्याशेजारच्या खुणेवर क्लिक करून सर्टिफिकेट उघडा आणि सही तुमच्याच रूटची आहे का, सॅनमध्ये काय आहे, मुदत कधी संपते हे वाचा. ती तारीख लायसन्स-एएमसीच्या वहीत लिहून ठेवा आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट ऑडिटरला द्या.

यापुढे लाल पान दिसलं तर प्रोसीड दाबायचं नाही, आधी फोन करायचा, हे डबा वापरणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा. सर्टिफिकेट हे कुलूप मात्र नव्हे. अनेक सर्व्हरमध्ये असलेल्या एएमआय मेगारॅक या व्यवस्थेत मार्च २०२५ मध्ये पासवर्डशिवाय आत शिरू देणारी त्रुटी जाहीर झाली आणि जूनपर्यंत अमेरिकेच्या सिसा या संस्थेनं ती प्रत्यक्ष वापरली जात असल्याची नोंद केली. असल्या ठिकाणी उत्तमातलं उत्तम सर्टिफिकेटही कामाचं नाही. तुम्ही व्हीपीएन लावून येता ते फार चांगलं. राउटरवर पोर्ट उघडून डबा सरळ इंटरनेटवर टांगू नका, आणि कारखान्याचा मूळ पासवर्ड अजून तसाच असेल तर हा अंक खाली ठेवून आधी तो बदला.

प्रश्न : आमच्या कॉलेजातला केव्हीएम दहा-बारा वर्षांचा आहे. सर्टिफिकेट नवं घातलं, तरी नव्या ब्राउझरमध्ये पानच उघडत नाही. प्रोसीडसुद्धा येत नाही.

उत्तर : मग दोष सर्टिफिकेटचा नसावा. तो डबा बहुधा टीएलएस १.० किंवा १.१ च बोलतो आणि मुख्य ब्राउझरांनी २०२० पासून ती भाषा सोडायला सुरुवात केली. कंपनीचं नवं फर्मवेअर असेल तर उत्तम, पण इतक्या जुन्या मॉडेलला ते मिळणं कठीण. जुना ब्राउझर जपून ठेवलेला एक पीसी अनेक ठिकाणी याच कामासाठी कोपऱ्यात असतो. मला तो उपाय अजिबात पसंत नाही, कारण भोकं असलेला तो ब्राउझर कधी ना कधी कुणीतरी दुसऱ्या कामाला वापरतंच. त्यापेक्षा डब्यासमोर एक लहान लिनक्स मशीन ठेवा, त्यावर एनजिनएक्स चालवा आणि नवं सर्टिफिकेट त्या मशीनवर घाला. मशीन आणि डबा यांच्यात जुनी भाषा चालू राहते, म्हणून त्या दोघांना जोडणारी केबल थेट हवी, कॉलेजच्या स्विचमधून नको. मात्र स्क्रीन दाखवायला डबा जावाचं वेगळं अ‍ॅप वेगळ्या पोर्टवर उघडत असेल तर एनजिनएक्सनं पान दिसेल, स्क्रीन दिसणार नाही. तसं असेल तर नव्या डब्याचं कोटेशन मागवा.

प्रश्न : वीज जाऊन आली की आमच्या डब्यावर लॉगिन करताना, लॉगिनची पडताळणी करणाऱ्या सर्व्हरचं सर्टिफिकेट ‘अजून लागू झालेलं नाही’ अशी तक्रार डबा करतो. काही वेळानं आपोआप बरं होतं. हे काय आहे?

उत्तर : डब्याचं घड्याळ. प्रत्येक सर्टिफिकेटवर ‘कधीपासून’ आणि ‘कधीपर्यंत’ अशा दोन तारखा असतात. डब्याच्या आतला बटणसेल संपला असेल, किंवा त्या मॉडेलला तो नसेलच, तर वीज आल्यावर त्याच्या लेखी १९७० साल असतं आणि पडताळणी करणाऱ्या सर्व्हरचं सर्टिफिकेट त्याला भविष्यातलं वाटतं. नेटवर्कवरून वेळ मिळाली की तक्रार थांबते. सेल बदलता येत असेल तर बदला आणि एनटीपीचं सेटिंग तपासा. सर्ट-इन या सरकारी संस्थेनं २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत संगणकांची घड्याळं एनआयसीच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायला सांगितलंच आहे, त्यामुळे फायरवॉल किंवा मुख्य सर्व्हर तिकडून वेळ घेत असेल तर डब्याला त्याच्याकडून घ्यायला सांगा, डब्याला इंटरनेट द्यायची गरज नाही. एनटीपीच्या रकान्यात नावाऐवजी त्या सर्व्हरचा आयपी लिहा. वीज आल्यावर डीएनएस उशिरा उठला तरी डब्याला वेळ लगेच मिळेल.